जुन्या गाडीला अलार्म बसवण्याआधी छतातला दिवा बघा

गाडीचं एकेक दार उघडा आणि प्रत्येक वेळी छताकडे बघा. चारही दारांना आतला दिवा लगेच लागतो का? एखाद्या दाराला तो मिणमिणतो का? दार जरा हलवलं की लागतो आणि विझतो का? मागच्या दारांना मुळात लागतच नाही का? अलार्म कोणता घ्यावा, असं मला कुणी विचारलं की मी आधी हे करून बघायला सांगतो.

कारण साधं आहे. दार उघडलं हे अलार्मला कळतं ते त्याच दिव्याच्या स्विचवरून. दाराच्या चौकटीत बसवलेला तो छोटा पुश स्विच वर्षानुवर्षं धूळ आणि पाणी खातो, आतून गंजतो. दिवा मिणमिणला तर आपण दुर्लक्ष करतो. अलार्म मात्र ती थरथर 'दार उघडलं' अशीच वाचतो आणि मध्यरात्री बोंबलतो. असं तीनचारदा झालं की शेजारी वैतागतात, मालक अलार्म लावायचंच सोडतो आणि सगळा खर्च पाण्यात जातो. मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. 'अलार्म खराब निघाला' म्हणून माझ्याकडे आलेल्या जुन्या गाड्यांत अलार्मचा डबा बहुतेकदा ठणठणीत असतो. दोष सापडतो तो गंजक्या स्विचात नाहीतर सैल अर्थिंगमध्ये, म्हणजे बॉडीला दिलेल्या जोडात. म्हणून आधी स्विच काढून घासा, सुधारला नाही तर नवा घाला. बॅटरीपासून बॉडीला जाणारी जाड पट्टीही सोडवा, खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा आणि पुन्हा आवळा.

आता निवड. गाडी फारच जुनी असेल तर आधी बॅटरी बघून घ्या. बाजारातले अलार्म 12 व्होल्टचे असतात आणि बॅटरीचं ऋण टोक बॉडीला जोडलेलं आहे असं धरून बनवलेले असतात. 6 व्होल्टची गाडी असेल किंवा धन टोक बॉडीला असेल, तर हा अलार्म तसाच जोडू नका. 6 व्होल्टवर तो नीट चालणार नाही आणि धन टोक बॉडीला असेल तर जळू शकतो.

रिमोट रोलिंग कोडचाच घ्या. जुन्या पद्धतीचा रिमोट दर वेळी एकच ठरलेला कोड पाठवतो. तो एकदा हवेतून पकडला की पुन्हा पाठवून गाडी उघडता येते. रोलिंग कोडमध्ये प्रत्येक दाबाला कोड बदलतो. त्यालाही फसवता येतं, हे सॅमी कामकार या संशोधकाने 2015 साली दाखवून दिलं. त्याचं यंत्र कोड गाडीपर्यंत पोचू न देता साठवून ठेवत होतं, म्हणजे न वापरलेला कोड नंतर वापरता येतो. तरीही स्थिर कोडपेक्षा हे कितीतरी बरं.

धक्का ओळखणारा सेन्सर दोन टप्प्यांचा हवा. हलक्या धक्क्याला छोटी चेतावणी आणि जोरदार धक्क्याला पूर्ण सायरन, असे दोन्ही टप्पे वेगवेगळे कमीजास्त करता आले पाहिजेत. आतली हालचाल ओळखणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर बंद काचांच्या गाडीत चांगला चालतो. कापडी छताच्या गाडीत तो वाऱ्यालाही घाबरतो, तिथे मायक्रोवेव्ह सेन्सर लागतो आणि त्याची संवेदनशीलता बरीच कमी ठेवावी लागते. सायरन शक्यतो स्वतःची बॅटरी असलेला घ्या, म्हणजे गाडीची बॅटरी तोडली तरी तो ओरडत राहतो. डब्यासोबत वाचता येईल असा वायरिंगचा नकाशा नसेल तर तो अलार्म किती स्वस्त आहे याचा विचारही करू नका.

रिमोटने गाडी सुरू करण्याची सोय असलेला अलार्म गिअर हाताने टाकायच्या जुन्या गाडीत मी बसवत नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. अशा बऱ्याच गाड्यांत क्लच न दाबताही सेल्फ लागतो. गाडी गिअरमध्ये उभी असेल आणि कुणी घरातून बटण दाबलं, तर ती पुढे उडी मारते. तिच्यापुढे कोण उभं असेल ते सांगता येत नाही.

आवाजापेक्षा महत्त्वाचं आहे ते गाडी सुरूच होऊ न देणं. या भागावर वेळ घालवा. बहुतेक अलार्मसोबत सेल्फ तोडणारा एक रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, येतो. चावीकडून सेल्फच्या सोलेनॉइडकडे जाणारी तार कापून तिची दोन टोकं रिलेला जोडायची असतात. नकाशात सहसा 30 आणि 87अ या पिना दाखवलेल्या असतात. या दोन पिना एरवी एकमेकींना जोडलेल्याच असतात, रिलेला वीज मिळाली की सुटतात. याचा अर्थ चोराने अलार्मचा डबा उपटून फेकला, तर गाडी खुशाल सुरू होईल. त्याऐवजी 30 आणि 87 वापरल्या तर उलट होतं. अलार्मने परवानगी दिली तरच वाट जुळते आणि डबा उपटला तर सेल्फ कायमचा बंद राहतो. सेल्फच्या तारेवर मी हीच पद्धत वापरतो, कारण रिले बिघडलाच तर गाडी उभ्या जागी सुरू होणार नाही, एवढंच. त्यासाठी अलार्म लावलेला नसताना अर्थिंग देणारं आउटपुट डब्यात आहे का, ते आधी बघा. रिलेच्या कॉइलचं दुसरं टोक, म्हणजे 86, चावीच्या विजेवर ठेवा. बॅटरीवर थेट ठेवलंत तर रिले उभ्या गाडीची बॅटरी पीत राहील.

चालत्या गाडीचं इंजिन ज्यावर चालतं त्या तारेवर, म्हणजे इग्निशन कॉइल किंवा पेट्रोल पंपाच्या तारेवर, मात्र 30 आणि 87अ हेच ठेवा. तिथे रिले दगावला तर गाडी भर रस्त्यात बंद पडता कामा नये. आणि चालत्या गाडीचं इंजिन रिमोटने बंद करण्याची सोय असेल तर ती जोडूच नका.

दोन ठिकाणी तोडायची गरज काय, असं वाटेल. नुसता सेल्फ तोडला तर हाताने गिअर टाकायची गाडी धक्का देऊन सुरू करता येते. नुसती कॉइल तोडली तर कार्ब्युरेटरच्या गाडीत जाणकार माणूस बॅटरीपासून कॉइलपर्यंत एक तार टाकून मोकळा होतो. दोन्ही तोडलं तर त्याला दोन गोष्टी शोधाव्या लागतात, आणि तेवढा वेळ त्याच्याकडे नसतो. जुन्या डिझेल गाडीत कॉइलच नसते. तिथे पंपावरच्या डिझेल बंद करणाऱ्या सोलेनॉइडची तार धरायची.

काम सुरू करताना बॅटरीचं ऋण टोक काढा. तपासण्यापुरतंच पुन्हा लावा. तारा रंगावरून ओळखू नका. जुन्या गाडीत आधी कुणी काय जोडून ठेवलंय याचा भरवसा नसतो. मल्टिमीटर लावा. इग्निशनची खरी तार चावी बंद असताना शून्य दाखवते, चावी फिरवली की 12 व्होल्टच्या आसपास आणि सेल्फ मारतानाही जिवंत राहते. रेडिओची तार सेल्फ मारताना मरते, म्हणून ती चालत नाही. कॉइलजवळूनही ही वीज घेऊ नका. अनेक जुन्या गाड्यांत तिथे बॅलास्ट रेझिस्टर असतो आणि पुढे व्होल्टेज कमी मिळतं. मूळ वायरिंगला डीआयएन या जर्मन मानकाचे आकडे असतील तर काम सोपं होतं. 30 म्हणजे थेट बॅटरी, 15 म्हणजे इग्निशन, 50 म्हणजे सेल्फ, 31 म्हणजे अर्थिंग.

दाराची तार तपासायची असेल तर मीटरची काळी सुई बॉडीला आणि लाल सुई स्विचच्या तारेला लावा. दार बंद असताना 12 आणि उघडल्यावर शून्य आलं, तर स्विच अर्थिंग देतो. बहुतेक गाड्या अशाच असतात. उलट आलं, तर स्विच धन वीज देतो आणि अलार्मची वेगळी तार वापरावी लागते. दोन्ही वेळा शून्य आलं, तर आधी दिव्याचा बल्ब गेलेला नाही ना ते बघा.

इंडिकेटरसाठी अलार्ममधून दोन तारा निघतात. एक डावीकडच्या दिव्यांना, दुसरी उजवीकडच्या. त्या एकत्र बांधल्या तर वळताना दोन्ही बाजू लुकलुकतील.

जोड डाग देऊनच घ्या आणि वर श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी, चढवा. पक्कडीने दाबून मूळ तारेत पातं घुसवणारे प्लास्टिकचे क्लिप जुन्या गाडीत मला अजिबात चालत नाहीत. ते तारेचे तंतू कापतात, हवा आत जाते आणि काही काळाने आतलं तांबं हिरवं पडतं. तारेचं आवरण वाकवल्यावर तडकत असेल, तर तेवढा तुकडाच बदला. इंजिनकडे जाणारी प्रत्येक तार रबरी ग्रोमेटमधूनच, म्हणजे पत्र्याच्या भोकात बसणाऱ्या कड्यातूनच न्या, आणि अलार्मच्या मुख्य तारेचा फ्यूज बॅटरीच्या जवळ ठेवा.

डबा डॅशबोर्डच्या आत उंचावर बांधा, पटकन हात पोचणार नाही अशा जागी. तारा त्याच्यातून खाली उतरू द्या, म्हणजे काचेच्या रबरातून झिरपलेलं पाणी डब्यात जाणार नाही. धक्क्याचा सेन्सर पत्र्याला किंवा स्टिअरिंगच्या आधाराला पक्का बसवा. सायरन बॉनेटखाली, एक्झॉस्टपासून दूर, तोंड खाली करून लावा. त्याची तार गाडीखालून हाताला लागू नये. बॉनेटचा पिन स्विच पाणी वाहून जाण्याच्या पन्हळीत बसवू नका, तो पहिल्याच ओलीत गंजायला लागतो.

सेंट्रल लॉक नसेल तर मोटर बसवण्याआधी कुलपांना तेल द्या. हाताला जड जाणारं कुलूप मोटर ओढू शकत नाही. दारात जाणाऱ्या तारा बिजागरीजवळच्या रबरी नळीतूनच न्या.

शेवटी बॅटरीचं गणित. ऋण टोक काढून मीटर 10 अँपियरच्या खाचेत ठेवा आणि बॅटरी व पट्टी यांच्यामध्ये जोडा. दारं बंद करा, बॉनेटचा स्विच दाबून धरा, अलार्म लावा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. नुसता अलार्म 20 मिलिअँपियर घेत असेल तर दिवसाला साधारण अर्धा अँपियर-तास जातो. घड्याळ, रेडिओ सगळं मिळून 50 झालं तर दिवसाला 1.2 जातो, म्हणजे 40 अँपियर-तासाची बॅटरी सतरा दिवसांत अर्ध्यावर येते. जुनी बॅटरी त्याच्या आधीच दगा देईल. आकडा 50 च्या पुढे गेला तर एकेक फ्यूज काढून बघा. कोणता काढल्यावर आकडा पडतो, तिथे गळती आहे.

सगळं झाल्यावर एक काच थोडी खाली ठेवा, गाडीत बसून अलार्म लावा, मग प्रत्येक दार आणि डिकी आतून-बाहेरून उघडून बघा. सेल्फही मारून बघा. धक्क्याचा सेन्सर आधी कमी ठेवा आणि मुठीने दारांमधल्या खांबावर ठोकत हळूहळू वाढवा. जवळून जड गाडी गेल्यावर तो ओरडला तर पुन्हा कमी करा. काचेवर मुठीने मारायचं नाही, जुनी काच फुटते. रिमोट मेल्यावर लागणारा गुप्त स्विच कुठे आहे, हे घरातल्या आणखी एकाला दाखवून ठेवा. कोणती तार कुठे कापली याचा कागद घरी ठेवा, गाडीच्या खणात नको. गॅरेजला गाडी देताना अलार्म व्हॅले मोडवर, म्हणजे तात्पुरता निष्क्रिय करून, टाका, म्हणजे मेकॅनिकच्या हातात रिमोट द्यावा लागत नाही.