'मी'चा अभ्यास सुरू करताना

एम.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं तेव्हा मला वाटायचं, आत्म्याबद्दल आपल्याला बऱ्यापैकी ठाऊक आहे. घरात गीता, हरिपाठ लहानपणापासून कानावर पडलेला. पहिल्याच चाचणीत मी लिहून टाकलं : चार्वाक आणि बौद्ध दोघंही आत्मा नाकारतात, म्हणजे दोघांचं म्हणणं एकच. बाईंनी समासात लाल शाईने विचारलं, "मग बौद्धांच्या मते कर्माचं फळ कोणाला?"

त्या एका ओळीने मला महिनाभर ग्रंथालयात बसवलं. चार्वाकाच्या लेखी देह गेला की सगळं संपलं. बौद्ध मात्र नित्य आत्मा नाकारूनही कर्म आणि पुनर्जन्म मानतात. 'मिलिंदप्रश्न' या बौद्ध ग्रंथात नागसेन हा भिक्षू मिलिंद राजाला विचारतो, रात्रभर तेवणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? तीच म्हणता येत नाही, वेगळीही म्हणता येत नाही. कर्म करणारा आणि फळ भोगणारा यांचंही तसंच.

नव्याने येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं असं की मतांच्या व्याख्या पाठ करत बसू नका, रोजचा एखादा अनुभव हाताशी धरा. मी कैरी धरली होती. हातगाडीवर तिखटमीठ लावलेल्या फोडी दिसतात आणि तोंडाला पाणी सुटतं. पाहिलं डोळ्यांनी, पाणी सुटलं जिभेला. डोळ्याला चव कळत नाही, जिभेला रंग दिसत नाही. तेव्हा पूर्वी पाहणारा, चाखणारा आणि आत्ता आठवणारा कोणीतरी एक असलाच पाहिजे, असं नैयायिक, म्हणजे न्यायदर्शन मानणारे, म्हणतात. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात आंबट फळाचा हाच युक्तिवाद आहे. बौद्ध उत्तर देतात : 'मी' म्हणजे क्षणांचा प्रवाह, आधीच्या क्षणाचा संस्कार त्याच प्रवाहातल्या पुढच्या क्षणात उतरतो, त्यासाठी कायमचा मालक कशाला? नैयायिक उलटून विचारतात, तुम्ही खाल्लेल्या कैरीची चव मला आठवत नाही, मग एका क्षणाचा अनुभव दुसऱ्या क्षणाला कसा आठवेल? 'त्याच प्रवाहातला' म्हणजे नेमकं काय, यावर सगळं अडतं. मला इथे नैयायिकांची बाजू भक्कम वाटते, पण वर्षभर वाचल्यावर, आधी नाही.

दुसरं, शब्दांची वेगळी वही करा. 'आत्मा' हा शब्द सगळीकडे एकाच अर्थाने येत नाही. गाढ झोपेचं उदाहरण घ्या. न्यायमतात तेव्हा आत्मा असतो पण ज्ञान नसतं, कारण ज्ञान हा त्याचा येणारा-जाणारा गुण. अद्वैती म्हणतात, उठल्यावर 'सुखाने झोपलो, काही कळलं नाही' असं आपण सांगतो, म्हणजे साक्षी चैतन्य, नुसती पाहणारी जाणीव, तेव्हाही होतंच. सांख्यांचे पुरुष, म्हणजे आत्मे, अनेक आणि अकर्ते. वही नसेल तर परीक्षेत या सगळ्याची खिचडी होते.

पाश्चात्त्यांपैकी डेव्हिड ह्यूम हा स्कॉटिश तत्त्वज्ञ आधी वाचा. आत डोकावलं की ऊब, गारवा, सुख, दुःख असं काहीतरी सापडतं, 'मी' कधीच नाही, हे त्याने 1739 साली मांडलं. त्याला बौद्धांशेजारी ठेवून वाचण्यात खरी मजा आहे. पण पुढच्याच वर्षीचं परिशिष्ट सोडू नका. सुटे अनुभव एकत्र कसे बांधले जातात हे आपल्याला उलगडलेलं नाही, अशी कबुली त्याने तिथे दिली आहे. मला त्याच्याबद्दल आदर वाटतो तो त्या पानांमुळे.

आणि एक करा. कैरीवर दोन पानं लिहा, एक नैयायिक होऊन, एक बौद्ध होऊन. जे पान लिहिताना हात अडेल, त्या दर्शनाचा ग्रंथ उद्या ग्रंथालयातून काढा.