स्टॉप-मोशनच्या बाहुलीला गाता कसं करायचं

स्टॉप-मोशन म्हणजे बाहुली जराशी हलवायची, एक फोटो काढायचा, आणि असे फोटो ओळीने दाखवायचे. पडक्या बुरुजावर उभी राहून एखादी हाडकुळी बाहुली २० सेकंद गाते, असा प्रसंग करायचा असेल तर बाहुलीला हात लावण्याआधी गाणं पक्कं करा. चित्रीकरण सुरू झाल्यावर गाण्यात अर्ध्या सेकंदाचा जरी फरक पडला तरी पुढचे सगळे ओठ चुकतात.

लय ठरवताना थोडा हिशेब करा. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ चित्रं, म्हणजे मिनिटाला १४४०. या आकड्याला लयीने, म्हणजे मिनिटातल्या मात्रांच्या संख्येने, भागलं की एका मात्रेच्या फ्रेम मिळतात: ९० च्या लयीत १६, ८० मध्ये १८, ७२ मध्ये २०. १०० ची लय घेतली तर १४.४ येतात आणि फ्रेम मोजत हलवलेली बाहुली हळूहळू ठेक्यावरून घसरते. वॉल्ट्झसाठी ९० उत्तम, तीन मात्रांचं आवर्तन बरोबर दोन सेकंदांचं होतं. एक पोझ दोन फ्रेम धरली तर २० सेकंदांना २४० पोझ लागतात. त्यानंतर एक्स-शीट भरा: दर ओळीला एक फ्रेम, आणि तिच्यासमोर त्या क्षणी ऐकू येणारं अक्षर.

तोंडाचे दोन मार्ग आहेत. ‘द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस’मध्ये (१९९३) नायक जॅकच्या बाहुलीसाठी शेकडो वेगवेगळी डोकी होती, ‘कॉर्प्स ब्राइड’मध्ये (२००५) डोक्यातले बारीक गिअर फिरवून चेहरा हलवला. घरच्या कामाला बदलायची तोंडंच बरी. आठ-दहा पुरतात: मिटलेले ओठ, दात ओठावर टेकलेलं एक, आ, ई, ए, ओ, ऊ, आणि ‘आ’चेच आणखी दोन लहान-मोठे आकार. प्रत्येक तोंड दोन टाचण्यांवर बसवा. एकाच टाचणीवर ते किंचित फिरतं आणि पडद्यावर जबडा थरथरतो.

‘माझी’ या शब्दात ‘म’साठी ओठ निदान दोन फ्रेम मिटलेले हवेत, मग थेट ‘आ’. ‘झ’ सोडून दिला तरी चालतो. प्रत्येक व्यंजन दाखवायला गेलात तर बाहुली गात नाही, चावते. आकार आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी आला की डोळ्यांना बरोबर वाटतो. लांबवलेल्या सुरावर एकच तोंड ४० फ्रेम तसंच ठेवलं तर चेहरा मेल्यासारखा दिसतो, आणि भुताच्या गाण्यातही ते नको. तिथे ‘आ’चे तिन्ही आकार फिरवा, पापणी थोडी झुकवा.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे श्वास. ओळ सुरू होण्याआधी आठ-दहा फ्रेममध्ये खांदे दोन-तीन मिलिमीटर वर न्या, हनुवटी किंचित उचला. एवढ्याने आवाज तिच्या छातीतून आल्यासारखा वाटतो. ओठ कितीही अचूक असले तरी श्वास नसेल तर गाणं तिचं वाटत नाही.

अशा बाहुल्यांचं डोकं मोठं आणि पाय काडीसारखे असतात, म्हणून तोल जातो. पायात नट बसवून, ती ज्या पाटावर उभी आहे त्याच्या खालून स्क्रूने आवळा. सांगाड्याची अॅल्युमिनियमची तार दुहेरी पिळून घ्या. ती बहुधा मनगटाशी आणि घोट्याशी तुटते, तेव्हा तिथली तार बदलता येईल अशी ठेवा.

सेट काळा रंगवू नका. गडद निळसर राखाडी द्या आणि कडांवर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिका रंग फिरवा, नाहीतर काळोखात दगड दिसणारच नाहीत. मुख्य दिवा बाजूने किंवा मागून, खिडक्या पूर्ण बंद. कॅमेऱ्याचं एक्सपोजर, व्हाइट बॅलन्स, फोकस सगळं मॅन्युअल. स्वतः कपडे गडद घाला. पांढऱ्या शर्टावरून परतलेला उजेड दर फोटोत बदलतो आणि भिंत लुकलुकते.

शॉट एका बैठकीत संपवा. रात्रभरात तार सैल पडते, पाट हलतो. थांबणं भागच असेल तर समेवर थांबा: दुसऱ्या दिवशी आदल्या फ्रेमवर चित्र जुळवूनही उरणारा बारीक झटका तिथे ठोक्यात लपतो.