लहान मासा, मोठा मासा: एम.एस्सी. प्राणिशास्त्राला येणाऱ्यांसाठी

"मग उंदीर हत्तीपेक्षा जास्त ऑक्सिजन घेतो का?"

पहिल्या सेमिस्टरच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी मला हे विचारलं आणि मी ठामपणे "हो" म्हणाले. प्राणी जितका लहान तितका चयापचयाचा वेग जास्त, हे वाक्य मी पाठ केलेलं होतं. सर एवढंच म्हणाले, "एकूण की ग्रॅममागे?" मला उत्तर देता आलं नाही. जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या कॉलेजात यंदा नव्याने येणाऱ्यांनी आधी हा एक शब्द धरून ठेवावा: ग्रॅममागे. एकूण ऑक्सिजन हत्तीच जास्त घेतो. पण हत्तीच्या एका ग्रॅमपेक्षा उंदराचा एक ग्रॅम कितीतरी जास्त घेतो. म्हणूनच उंदराचं हृदय मिनिटाला पाचशेच्या वर ठोके देतं आणि हत्तीचं तिशीच्या आसपास.

याचं मूळ भूमितीत आहे. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचं पृष्ठफळ ६ आणि घनफळ १. बाजू २ केली की पृष्ठफळ २४, घनफळ ८. बाजू ३ केली की ५४ आणि २७. म्हणजे आतला माल वाढतो तितक्या वेगाने बाहेरची कातडी वाढत नाही, आणि साध्या प्राण्यांत वायू आत-बाहेर होतात ते कातडीतूनच. नुसत्या विसरणावर, म्हणजे वायू आपोआप पसरत आत जाण्यावर, जगणाऱ्या प्राण्याला म्हणून जाड होता येत नाही, साधारण एक मिलिमीटरच्या पुढे आतल्या पेशींना ऑक्सिजन पुरत नाही. प्लॅनेरिया हा किडा चपटा असतो तो यामुळे. गांडूळ त्याहून जाड, पण त्याची कातडी ओली असते आणि खाली रक्त फिरतं.

मला हे खरं कळलं ते वरण-बट्टीच्या दिवशी. आई उकडलेली बट्टी अख्खी तळत नाही, कापून तळते. कणिक तेवढीच, पण कापल्यावर तेल लागायला किती जास्त जागा मिळते! फुप्फुसाने हेच केलंय. माणसाची कातडी दोन चौरस मीटरच्या आतबाहेर, आणि छातीत वायुकोशांचं पृष्ठफळ सत्तरच्या घरात. कल्ल्यांच्या बारीक पात्याही त्यासाठीच.

आता प्रॅक्टिकल. वेगवेगळ्या वजनाच्या माशांचा ऑक्सिजन वापर विंकलर पद्धतीने, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन रसायनांनी मोजून, काढायचा असतो, आणि यात मी दोन मोठ्या चुका केल्या.

पहिली चूक माशाची. तापीकाठच्या एका मासेमार काकांकडून मी मरळीची लहान-मोठी पिल्लं आणली, कारण ती बादलीत सहज जगतात. तासाभराने पाण्याचा नमुना काढला तर ऑक्सिजन जेमतेम कमी झालेला, आणि मोठ्या माशाचा एकूण आकडा लहानापेक्षाही खाली. दोनदा करून पाहिलं, तेच. दुसऱ्यांदा गेले तेव्हा काका सहज म्हणाले, "ताई, मरळ वर यीसन हवा लेस." मरळ वर येऊन हवा घेते! पुस्तकात हवाश्वासी माशांचं प्रकरण मी वाचलेलं होतं, पण माझ्या जारमधला मासा त्यातलाच आहे हे डोक्यात आलं नव्हतं. वरची हवा पाण्यात मिसळू नये म्हणून पाण्यावर लिक्विड पॅराफिनचा थर द्यायचा माझा पुढचा बेत होता. तो दिला असता तर मासे गुदमरले असते. तुम्ही चिलापी (तिलापिया) घ्या. मरळ, डोख, मागूर हे हवा घेणारे मासे या प्रॅक्टिकलला नकोत.

दुसरी चूक उन्हाची. एप्रिल होता. लहान मासा सकाळी घेतला, मोठा जेवणानंतर. तोपर्यंत प्रयोगशाळेतलं पाणी चार-पाच अंशांनी तापलेलं. माशाचा चयापचय तापमान दहा अंशांनी वाढलं तर साधारण दुप्पट होतो, शिवाय ३० अंशांच्या पाण्यात मुळात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच ऑक्सिजन मावतो. दोन्ही जार एकाच वेळी, एकाच टाकीच्या पाण्याने भरा आणि थर्मामीटर आतच ठेवा. मासे आदल्या दिवसापासून उपाशी हवेत, आणि जारमध्ये सोडल्यावर अर्धा तास त्यांना शांत होऊ द्या.

नमुना घेताना रबरी नळी बीओडी बाटलीच्या (नमुन्यासाठीच्या घट्ट बुचाच्या काचेच्या बाटलीच्या) तळाशी टेकवायची, पाणी वरून ओतायचं नाही. बुडबुडा राहता कामा नये. मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड घातलं की तपकिरी साका ढगासारखा खाली उतरतो. साका पांढराच राहिला तर पाण्यात ऑक्सिजन उरलेला नाही. आम्ल घालून तो विरघळवा, मग थायोसल्फेट थेंबाथेंबाने सोडा. रंग गवताच्या काडीसारखा फिका झाला की मगच स्टार्च घाला. निळा रंग एका थेंबात जातो, तो थेंब चुकवू नका.

जार माशाच्या मापाचा घ्या. समजा ५ ग्रॅमची चिलापी ग्रॅममागे तासाला ०.३ मिलिग्रॅम घेते, एकूण १.५. दोन लिटरच्या जारला हे चालतं. ४० ग्रॅमची, आठपट वजनाची, ग्रॅममागे ०.१८ च्या आसपास घेईल, पण एकूण ७.२. त्याच जारमध्ये तासाभरात निम्मा ऑक्सिजन संपेल, मासा धापा टाकेल आणि आकडा बिघडेल. तिला मोठा जार किंवा कमी वेळ द्या.

वजन आठपट आणि ऑक्सिजन पावणेपाचपट, यातच क्लायबरचा नियम आहे. १८८३ मध्ये मॅक्स रूबनरने लहान-मोठ्या कुत्र्यांवरून सांगितलं की चयापचय पृष्ठफळाप्रमाणे, म्हणजे वजनाच्या २/३ घातांकाने बदलतो. १९३२ मध्ये मॅक्स क्लायबरने उंदरापासून बैलापर्यंतचे आकडे मांडले, तेव्हा घातांक ३/४ च्या जवळ आला. तो २/३ का नाही, यावर अजून वाद चालू आहे आणि तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो. माशांत घातांक बहुधा ०.८ च्या आसपास येतो, तेव्हा तुमचा ०.७५ आला नाही म्हणून वहीत आकडे फिरवू नका. दोनच मासे घेतलेत तर आलेख काढू नका, पाच-सहा वजनं तरी हवीत, दोन्ही अक्ष लॉगचे.

काम झाल्यावर चिलापी टाकीत परत टाका, गिरणेत किंवा तापीत सोडू नका. ती आपल्याकडची जात नाही.