रेकॉर्डिंगवरून मराठी ब्लॉगपोस्ट करणारं वेब ॲप

या ॲपमध्ये एआयकडून लेख लिहून घेणं हे सर्वांत सोपं काम. घोळ होतो तो त्याआधी, आवाज सर्व्हरपर्यंत पोचताना आणि त्याचं मराठी उतरवताना.

रेकॉर्डिंगला ब्राउझरचा मीडियारेकॉर्डर पुरतो. साइट एचटीटीपीएसवर नसेल तर माइक मिळत नाही, लोकलहोस्टला तेवढी सूट आहे. दर काही सेकंदांनी हातात येणारे तुकडे आवाजाचा मजकूर करणाऱ्या मॉडेलकडे सुटे सुटे पाठवू नका. हेडर, म्हणजे फाइलची माहिती सांगणारा सुरुवातीचा भाग, फक्त पहिल्या तुकड्यात असतं, पुढचे वाजतच नाहीत. सगळे जोडून एकच फाइल करा. सर्व्हरवर एंजिनएक्स हे वेब सर्व्हर सॉफ्टवेअर असेल तर अपलोडची मूळ मर्यादा १ एमबी असते. ती वाढवली नाही तर ४१३ (फाइल फार मोठी) ही एरर येते.

फाइल आली की लगेच जॉब नंबर परत द्या आणि काम रेडिसच्या (मेमरीत डेटा ठेवणाऱ्या साठ्याच्या) रांगेत टाका. त्याच रिक्वेस्टमध्ये मजकूर उतरवत बसलात तर ६० सेकंदांनी एंजिनएक्ससारखी मधली प्रॉक्सी कनेक्शन तोडते.

मग एफएफएमपेग या ऑडिओ-व्हिडिओ टूलने आवाज मोनो, १६ किलोहर्ट्झ, ३२ केबीपीएस एमपी३ करा. ओपनएआयच्या ट्रान्सक्रिप्शन एपीआयला एक फाइल २५ एमबीपर्यंत चालते. तेवढ्यात या मापाचं सुमारे १०० मिनिटांचं बोलणं बसतं. १६ बिट वेव्ह ठेवलीत तर जेमतेम १३ मिनिटं. रेकॉर्डिंग मर्यादेहून लांब असेल तर शांततेच्या जागी कापा, घड्याळ लावून कापलं की शब्द मधोमध तुटतो.

व्हिस्परला, म्हणजे मजकूर उतरवणाऱ्या ओपनएआयच्या मॉडेलला, भाषा मराठी आहे हे स्पष्ट सांगा. ओळखायचं त्याच्यावर सोडलं तर तो हिंदीकडे घसरू शकतो आणि ‘आहे’चं ‘है’ होतं. लांब शांततेत तो न बोललेली वाक्यंही लिहितो, म्हणून आधी व्हीएडी (बोलणं कुठे आहे ते ओळखणारी सोय) लावून शांतता गाळा. मॉडेल स्वतः चालवत असाल तर मागच्या मजकुराचा आधार घेण्याची सोय बंद ठेवा. एकच ओळ दहादा येण्याचं ते नेहमीचं कारण. प्रॉम्प्टमध्ये गावांची, माणसांची नावं द्या, पण मोजकीच. तिथे २२४ टोकनच (मॉडेल वाचतं ते शब्दांचे तुकडे) धरली जातात आणि देवनागरी टोकन भराभर खाते.

उतरलेल्या मजकुरात ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ झालेलं दिसेल. सरसकट फाइंड-रिप्लेस मारू नका. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ दोन्ही बरोबर आहेत; पहिले शिकवतात, दुसरे जेवण रांधतात. दुरुस्तीसाठी शब्दयादीच ठेवा.

लेख दोन फेऱ्यांत लिहून घ्या. पहिल्या फेरीत फक्त मुद्दे, प्रत्येकापुढे रेकॉर्डिंगमधली वेळ. दुसरीत त्या मुद्द्यांवरूनच लेख, बाहेरची भर नको अशी ताकीद देऊन. आकडे बोलले तसेच ठेवायला सांगा. ‘पावणेदोनशे’चे २७५ झाले तर वाचताना कुणाच्या लक्षातही येत नाही. मसुदा आला की त्यातले आकडे आणि नावं कोडने मूळ मजकुरात शोधा, न सापडलेल्यांवर पिवळा रंग टाका.

एडिटरमध्ये परिच्छेदावर क्लिक केलं की तिथलं मूळ बोलणं वाजलं पाहिजे. मुद्द्यांपुढची वेळ जपायची ती यासाठीच. म्हणून पोस्ट प्रसिद्ध होईपर्यंत ऑडिओ डिलीट करू नका.