व्हेप (ई-सिगारेट) सोडायचाय? आधी कशासाठी ओढता ते शोधा

समुपदेशनाला आलेल्याला मी पहिल्यांदा विचारते: दिवसातला पहिला झुरका कधी? डोळे उघडताच हात उशाखाली जात असेल, तर ती निकोटीनची तलफ. डॉक्टरांना विचारून निकोटीन गम किंवा पॅच घ्या. फक्त शनिवारी मित्रांत ओढत असाल, तर काही आठवडे ती बैठकच टाळा. सिगारेट सुटावी म्हणून व्हेप धरलेले कित्येक जण दोन्ही ओढत बसतात (आणि वर 'कमी केलंय' म्हणतात!). त्यांनी दोन्हींसाठी एकच तारीख ठरवावी. आंब्या-पुदिन्याच्या वासाला भुलू नका, बहुतेकांत निकोटीन असतंच. भारतात २०१९ पासून व्हेपच्या विक्रीवर बंदी आहे; चोरून आलेल्या कांडीत काय भरलंय, कोण तपासणार? अडलात तर १८००-११-२३५६ ही तंबाखूमुक्तीची हेल्पलाइन मोफत आहे.