जर्मनीला शिकायला निघालाय? कागदपत्रं आणि प्रवासातल्या या चुका टाळा

दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबर आला की ओळखीतल्या कुणाच्या तरी भाच्याचा नाहीतर पुतणीचा फोन येतोच, दादा जर्मनीला निघालोय, काही राहिलं नाही ना? आणि गंमत म्हणजे कागद राहिलेला नसतोच, फाईल चांगली जाडजूड असते, घोळ असतो तो एक कागद दुसऱ्याशी जुळत नसल्याचा. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

नावाचा घोळ, सगळ्यात जास्त इथेच अडकतं

आपल्या दहावी-बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं, आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर मात्र आडनाव एका रकान्यात आणि गिव्हन नेममध्ये आपलं न् वडिलांचं नाव शेजारी शेजारी. जर्मन माणसाला ही वडिलांचं नाव मधे घालायची पद्धतच माहीत नाही, त्याच्या लेखी ते तुमचंच दुसरं नाव. त्याला समजावत बसू नका, सरळ पासपोर्टलाच बाप माना आणि विमानाचं तिकीट, ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं, त्यातून महिन्याला ठरावीकच रक्कम मिळते), इन्शुरन्स, युनिव्हर्सिटीचा फॉर्म, सगळीकडे पासपोर्टवर जसं आहे तसंच अक्षर न् अक्षर भरा. मी जास्त हुशारी करून ब्लॉक्ड अकाउंटच्या फॉर्मवर वडिलांचं नाव गाळलं होतं, सुटसुटीत दिसतं म्हणून. व्हिसाच्या अपॉइंटमेंटच्या चार दिवस आधी लक्षात आलं आणि मग त्या खात्याचं सर्टिफिकेट बदलून मिळेपर्यंत घशाखाली घास उतरत नव्हता. नंतर तिकडे वडिलांच्या नावासकट पत्रं येतात, एका मैत्रिणीला तर बँक कित्येक महिने 'श्रीयुत' म्हणत होती, पण चालतं, हसायचं आणि सोडून द्यायचं.

लग्न झालेल्या मुलींचं अजून वेगळं, मार्कशीट माहेरच्या नावाची आणि पासपोर्ट सासरच्या. मॅरेज सर्टिफिकेट आणि गॅझेट केलं असेल तर त्याची कॉपी फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवा, समोरच्याने मागायची वाट बघू नका.

तारखा

एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे तुमच्या मार्कशीट-डिग्र्या खऱ्या असल्याचा जर्मन दाखला, नोव्हेंबर २०२२ पासून आपल्या बहुतेक विद्यार्थ्यांना व्हिसासाठी लागतंच, फी १८,००० रुपये, आणि ते हातात यायला आठवडे जातात. ॲडमिशन आल्यावर करू म्हणणारे सेमिस्टर घालवून बसलेत, खूप युनिव्हर्सिटींना ते अर्जासोबतच हवं असतं. ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२. सीनियरने दोन-तीन वर्षांपूर्वी सांगितलेला आकडा धरून पैसे पाठवू नका, आणि मधल्या बँका चार्जेस कापतात म्हणून थोडे जास्तच पाठवा, नाहीतर वीस युरो कमी पडले म्हणून सगळं अडून बसतं.

पासपोर्ट दीड-दोन वर्षांत संपणार असेल तर इथूनच रिन्यू करून जा. तिकडचं रेसिडेन्स परमिट पासपोर्टच्या मुदतीच्या पुढे देत नाहीत, म्हणजे मग पासपोर्ट पण नवा, परमिट पण नवं, दोन्हीच्या रांगा तुमच्याच नशिबी.

इन्शुरन्सची एक बारीक गोष्ट, सरकारी हेल्थ इन्शुरन्स बऱ्याचदा सेमिस्टरच्या तारखेपासून लागू होतो आणि तुम्ही उतरता त्याच्या दोन-तीन आठवडे आधी. मधल्या दिवसांचा ट्रॅव्हल इन्शुरन्स विमान उतरायच्या तारखेपासून हवा.

ओरिजिनल कागद हॅन्डबॅगेत. चेक-इन बॅगेत आईने दिलेला गोडा मसाला जाऊ दे.

पोचल्यावर

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग करायची. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा फॉर्म लागतो आणि तात्पुरत्या रूमवाले तो बऱ्याचदा देत नाहीत, त्यामुळे पैसे भरायच्या आधीच विचारा की आनमेल्डुंग होणार का. मोठ्या शहरात अपॉइंटमेंट मिळत नाही अशी रड असते, सकाळी लवकर साइट रिफ्रेश करत बसा, कुणीतरी कॅन्सल केलेली सापडते.

आणि लेटरबॉक्सवर स्वतःचं नाव चिकटवा!! हसू नका. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत पाठवतो, आणि टॅक्स नंबर, बँकेचा पिन सगळं पत्रानेच येतं. साधी चिठ्ठी आणि सेलोटेप, पण महिनाभराचा मनस्ताप वाचतो.

ट्रेन

डॉइचलँडटिकीट, म्हणजे देशभर चालणारा महिन्याचा पास, मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं आणि २०२६ पासून ६३. युनिव्हर्सिटीच्या फीमध्येच त्याचं स्वस्त विद्यार्थी व्हर्जन येतं का ते आधी बघा, नाहीतर डबल पैसे जातात. लोकल ट्रेन, बस, ट्राम, मेट्रो, रिजनल गाड्या सगळ्यात चालतं, पण आयसीई, आयसी या लांबच्या जलद गाड्यांमध्ये नाही. नवीन पोरं प्लॅटफॉर्मवर आलेल्या भारी पांढऱ्या गाडीत चढतात आणि मग टीसी येतो. हे तिकीट सबस्क्रिप्शन आहे, बंद करायचं तर महिन्याच्या १० तारखेच्या आत, ११ तारखेला आठवलं तर पुढचा महिना पण गेला.

कागदी तिकीट काढलं तर ते बऱ्याच शहरांत छोट्या मशीनमध्ये घालून शिक्का मारायचा असतो. न मारलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, दंड ६० युरो, आणि तपासणारे साध्या कपड्यात असतात, तुमच्या शेजारीच मोबाईल बघत बसलेला माणूस असू शकतो.

लांबच्या गाडीचं स्वस्त तिकीट त्याच गाडीला बांधलेलं असतं, पुढच्या गाडीत बसलो तर चालेल असं नाही. पण गाडीच्याच उशिरामुळे मुक्कामी पोचायला २० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असेल तर ते बंधन सुटतं, आणि तासभर उशीर झाला तर २५ टक्के, दोन तास झाला तर ५० टक्के पैसे परत मागता येतात. बहुतेक जण मागतच नाहीत, का ते मला कळत नाही, आपण तर हक्काने मागणारे लोक.

अजून एक, काही गाड्या वाटेत तुटतात. म्हणजे खरंच दोन भाग होऊन वेगळीकडे जातात, बर्लिनहून पश्चिमेकडे जाणाऱ्या काही आयसीई हाम नावाच्या स्टेशनवर अशा फुटतात. माझा मित्र ड्युसेलडॉर्फला निघाला, कानात हेडफोन, आणि उतरला वुपर्टालला. तिथून अर्धा तास लागतो फक्त, म्हणून निभावलं. डब्यावरचा बोर्ड वाचून चढा. फ्रँकफुर्ट पण दोन आहेत, एक माइन नदीवरचं आपल्याला माहीत असलेलं, दुसरं ओडर नदीवर पार पोलंडच्या सीमेला, आणि हान नावाचा जो 'फ्रँकफुर्ट' विमानतळ स्वस्त तिकिटात दिसतो तो शहरापासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे.

बॉर्डर ओलांडताना

शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, कुठेही जाता येतं म्हणून पासपोर्ट रूमवर ठेवून प्रागला जाऊ नका. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली, बसमध्ये पोलीस चढले की पासपोर्ट आणि परमिट दोन्ही लागतात, मोबाईलमधला फोटो नाही चालत. लंडन आणि डब्लिन शेंगेनमध्ये नाहीत, तिथला व्हिसा वेगळा.

आता सगळ्यात महागडी चूक. डिसेंबरमध्ये घरी यायचं तिकीट स्वस्त दिसतं म्हणून जुलैतच काढतात आणि परमिट नेमकं नोव्हेंबरमध्ये संपत असतं. मुदत संपायच्या आत परमिट वाढवायचा अर्ज टाकला तर परदेशी लोकांचं ऑफिस एक तात्पुरता कागद देतं, फिक्टिऑन्सबेशाइनिगुंग, नाव पाठ करायला एक सेमिस्टर लागतं. त्यावर तिथल्या रेसिडेन्स कायद्याच्या कलम ८१ उपकलम ४ च्या चौकोनात खूण असेल तर जर्मनीबाहेर जाऊन परत येता येतं, उपकलम ३ ला असेल तर बाहेर गेलात की त्यावर परत येता येत नाही. कागद हातात आला की आधी ती खूण बघा, तिकीट मग काढा.