ऑनलाइन गेम डेव्हलपमेंटमध्ये यायचंय? सुरुवात लुडोच्या फाशापासून करा

बारावीचे निकाल लागले की दरवर्षी ओळखीतली दोन-चार पोरं मेसेज करतात, दादा गेम डेव्हलपमेंटमध्ये जायचंय, कुठला कोर्स करू, लॅपटॉप कुठला घेऊ. मी सगळ्यांना एकच सांगतो, कोर्सचं नंतर बघू, आधी दोन वेगळ्या फोनवरून दोन माणसांना खेळता येईल असा एक छोटासा गेम पूर्ण कर आणि मला लिंक पाठव. सापशिडी चालेल, फुलीगोळा चालेल, लुडो तर एकदम बेस्ट. ऑनलाइन गेमचं निम्मं शास्त्र या एका कामात हाताखालून जातं, म्हणून खालचं सगळं मी त्याच क्रमाने लिहितोय.

लुडोच का, तर फाशामुळे. नवीन माणूस पहिल्यांदा लिहितो तेव्हा फोनमध्येच रँडम नंबर काढतो आणि सर्व्हरला, म्हणजे सगळ्या फोनना जोडणाऱ्या मधल्या कॉम्प्युटरला, कळवतो की मला ६ पडले. मित्रांबरोबर खेळताना हे छान चालतं, काहीच चुकीचं वाटत नाही. पण उद्या कोणीतरी अ‍ॅप उघडून त्यात बदल करतो आणि त्याचा फोन प्रत्येक वेळी ६ च पाठवायला लागतो, सर्व्हर बिचारा मान डोलावतो, आणि समोरचा माणूस वैतागून गेम काढून टाकतो. म्हणून फोनने फक्त "मी फासा टाकतोय" एवढंच म्हणायचं, नंबर सर्व्हरने काढायचा, खेळी खरंच याची आहे का, ही सोंगटी तितकी घरं चालू शकते का, हेही सर्व्हरनेच तपासायचं, आणि फोनने नुसतं फासा गरगर फिरल्याचं अ‍ॅनिमेशन दाखवायचं. या पद्धतीला ऑथोरिटेटिव्ह सर्व्हर म्हणतात. शूटिंग गेममध्ये गोळी लागली का नाही, क्रिकेट गेममध्ये चौकार होता का नाही, सगळीकडे हीच गोष्ट. हे डोक्यात पक्कं बसलं की पुढचं खूप सोपं जातं, आणि ज्यांचं बसत नाही ते तीन वर्षांनीही फोनवरून आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवणारा कोड लिहीत असतात, हे मी स्वतः कोड रिव्ह्यू करताना, म्हणजे दुसऱ्यांचा कोड तपासताना, बघितलंय.

आता इंजिन, म्हणजे गेम बनवायचं तयार सॉफ्टवेअर, कुठलं घ्यायचं. यावर लोक तासन् तास भांडतात, मी थोडक्यात सांगतो. लॅपटॉप साधा असेल तर गोडो घ्या, फुकट आहे, ओपन सोर्स आहे म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, डाउनलोड छोटं आहे, मल्टिप्लेयरची प्राथमिक सोय आतच आहे. मोबाइल गेमच्या कंपनीत नोकरी पाहिजे असेल तर युनिटी आणि त्यासोबत सी शार्प ही प्रोग्रॅमिंगची भाषा, कारण आपल्याकडच्या मोबाइल स्टुडिओंच्या जाहिरातीत तेच सगळ्यात जास्त दिसतं. मोठ्या कन्सोल-पीसी गेमवर काम करायचं असेल तर अनरियल इंजिन आणि सी प्लस प्लस ही भाषा, पण त्याला मशीन दणकट लागतं आणि सी प्लस प्लस शिकायला वेळ द्यावा लागतो. एक सांगून ठेवतो, २०२३ च्या सप्टेंबरमध्ये युनिटीने प्रत्येक इन्स्टॉलमागे फी लावायची घोषणा केली, जगभरातले डेव्हलपर चिडले आणि वर्षभराने ती फी रद्द करावी लागली. तेव्हा इंजिनाच्या प्रेमात पडू नका, इंजिन बदललं तरी कामाला येईल ते शिका, म्हणजे प्रोग्रॅमिंग, गणित आणि नेटवर्क.

गणिताला घाबरू नका. अकरावीच्या फिजिक्समध्ये सदिश शिकलेले असाल ना, तेच वेक्टर इथे रोज लागतात. शत्रू माझ्या समोर आहे का पाठीमागे, हे दोन वेक्टरच्या डॉट प्रॉडक्टचं (अदिश गुणाकाराचं) अधिक-उणे चिन्ह बघून कळतं, दार हळूहळू उघडायचं असेल तर दोन आकड्यांच्या मधला आकडा काढायचा, झालं. मराठी मीडियमच्या मुलांना भीती असते ती इंग्लिश डॉक्युमेंटेशनची, म्हणजे इंजिन कसं वापरायचं ते सांगणाऱ्या पानांची, आणि ती मला पूर्ण समजते कारण मीही तिथूनच आलोय. उपाय एकच, व्हिडिओ बघून कोड उतरवण्याऐवजी रोज एक पान डॉक्युमेंटेशन वाचायचं, अडलेले शब्द वहीत लिहायचे, दोन महिन्यांत तेच तेच शब्द परत यायला लागतात आणि मग वाचायला अडत नाही.

लुडो झाला की दुसरा गेम असा घ्या ज्यात माणसं पळतात. पकडापकडी घ्या, चार खेळाडू, एकावर राज्य, वरून दिसणारं मैदान, बस. खरी गंमत इथे सुरू होते. एकाच लॅपटॉपवर दोन विंडो उघडून खेळलात तर सगळं लोण्यासारखं चालेल आणि तुम्हाला वाटेल झालं काम. मग एक फोन घरच्या वायफायवर आणि दुसरा मोबाइल डेटावर लावून बघा, समोरचा खेळाडू उड्या मारत पळेल, मध्येच गायब होऊन दुसरीकडे उगवेल. गेम सेकंदाला ६० फ्रेम दाखवतो म्हणजे एका फ्रेमला साधारण १७ मिलिसेकंद, आणि सर्व्हरची बातमी यायला ८० नाहीतर १५० लागतात, मग मधल्या फ्रेमना दाखवायचं काय? इथे दोन युक्त्या वापरतात. स्वतःच्या खेळाडूसाठी प्रेडिक्शन, म्हणजे बटण दाबलं की सर्व्हरच्या उत्तराची वाट न बघता लगेच हलवायचं आणि नंतर उत्तर वेगळं आलं तर त्या जागेवर जाऊन त्यानंतर दाबलेली बटणं परत लावून हिशोब जुळवायचा. दुसऱ्यांसाठी इंटरपोलेशन, म्हणजे त्यांना मुद्दाम थोडं जुनं, समजा १०० मिलिसेकंद आधीचं दाखवायचं, म्हणजे हातात कायम दोन माहीत असलेल्या जागा असतात आणि त्यांच्यामध्ये त्याला गुळगुळीत चालवता येतं. प्रेडिक्शनची ही युक्ती १९९६ मध्ये क्वेकवर्ल्ड या शूटिंग गेमने वापरली होती, डायल-अप मोडेमवर खेळणाऱ्यांसाठी, आणि आजही जवळपास सगळे फास्ट गेम त्याच वाटेने जातात. हे दोन्ही एकदा स्वतःच्या हाताने लिहा, तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला कोड, नंतर वापरा. फोटॉन, मिरर, युनिटीचं नेटकोड हे सगळं चांगलंच आहे, पण आत काय चाललंय ते माहीत नसेल तर बिघडल्यावर हात टेकावे लागतात.

नेटवरून डेटा छोट्या छोट्या पाकिटांतून जातो, ती पाठवायच्या टीसीपी आणि युडीपी या दोन पद्धतींमधला फरकही इथेच कळतो. टीसीपीमध्ये एक पाकीट हरवलं की मागची सगळी थांबून राहतात, लुडोला ते चालतं, किंबहुना तेच पाहिजे. पकडापकडीत मात्र अर्ध्या सेकंदापूर्वी तो कुठे होता हे उशिरा कळून उपयोग नाही, म्हणून तिथे युडीपी, ते हरवलेल्या पाकिटासाठी थांबत नाही. (ब्राउझरमध्ये गेम चालवायचा असेल तर थेट युडीपी मिळत नाही, तिथे सुरुवातीला वेबसॉकेट, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधली टीसीपीवरची कायम चालू जोडणी, वापरा.)

एक हिशोब कागदावर करून बघा, माझ्या आवडीचा आहे. समजा १० खेळाडू, एका खेळाडूची जागा सांगायला १२ बाइट, सर्व्हर सेकंदाला २० वेळा पाठवतो. प्रत्येक युडीपी पाकिटावर, आयपीचा म्हणजे पत्त्याचा भाग धरून, २८ बाइटचं वेष्टन असतं. बाकी ९ जणांची ९ वेगळी पाकिटं पाठवलीत तर एका फोनला सेकंदाला ७२०० बाइट जातात, तासाला साधारण २६ एमबी. तेच ९ जणांना एका पाकिटात भरलंत तर सेकंदाला २७२० बाइट, तासाला १० एमबीच्या आत. गेम तोच, खेळाडू तेवढेच, डेटा निम्म्याहून कमी. ज्याचा रोजचा डेटा पॅक संध्याकाळपर्यंत संपतो अशा माणसाच्या दृष्टीने विचार करा, हा हिशोब किती महत्त्वाचा आहे ते कळेल. मी इंटरव्ह्यूला बसतो तेव्हा असा हिशोब करून दाखवणाऱ्या मुलाकडे जास्त लक्ष देतो.

मग नेटवर्क मुद्दाम बिघडवून बघायचं. विंडोजवर क्लम्झी नावाचं छोटं टूल आहे, लिनक्सवर टीसी नेटेम आहे, त्यात २०० मिलिसेकंद उशीर आणि ५ टक्के पाकिटं गहाळ असं लावा आणि खेळा. त्याहून चांगली टेस्ट म्हणजे पुणे-मुंबई ट्रेन. कर्जत-लोणावळा घाटात एकामागून एक बोगदे लागतात, नेटवर्क जातं, येतं, परत जातं. माझा पहिला मल्टिप्लेयर गेम तिथे दुसऱ्याच बोगद्यात अडकला होता, परत रेंज आली तेव्हा सर्व्हरने मला नवीन खेळाडू म्हणून घेतलं आणि जुना मी मैदानात तसाच पुतळ्यासारखा उभा. त्या दिवसापासून रीकनेक्ट, म्हणजे तुटलेला खेळाडू परत त्याच जागी जोडणं, ही गोष्ट मी शेवटी ठेवत नाही, पहिल्या आठवड्यात करतो. खेळताना आईचा फोन आला, अ‍ॅप मागे गेलं, दोन मिनिटांनी परत आला, तर डाव तिथूनच सुरू झाला पाहिजे. आपल्याकडचा खेळाडू असाच खेळतो.

सर्व्हर कुठे ठेवायचा हाही प्रश्न येईल. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, मुंबई-सिंगापूर सरळ रेषेत ४००० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन ४० मिलिसेकंद कुणालाच वाचवता येत नाहीत. मुंबईत २०१६ पासून अ‍ॅमेझॉनचं डेटा सेंटर रीजन, म्हणजे भाड्याने सर्व्हर मिळण्याचं ठिकाण, आहे, तेव्हा भारतातल्या खेळाडूंसाठी सर्व्हर भारतातच ठेवा.

पकडापकडीनंतर बॅकएंडचा, म्हणजे सर्व्हर आणि डेटाबेसच्या बाजूचा, एक धडा करा, कॉइन्सचा. खेळाडूने १०० कॉइन्सचं बक्षीस क्लेम केलं, सर्व्हरने दिलं, पण उत्तर वाटेत हरवलं. फोनला वाटलं झालंच नाही, त्याने परत मागितलं, सर्व्हरने परत दिलं. आता २०० झाले. हे लोकांना कळायला एक दिवसही लागत नाही, मुद्दाम नेट बंद-चालू करून लोक कॉइन्स काढत बसतात आणि गेमचं सगळं गणित कोसळतं. म्हणून प्रत्येक मागणीला फोनने एक वेगळा नंबर द्यायचा, सर्व्हरने तो डेटाबेसमध्ये नोंदवायचा आणि तोच नंबर परत आला तर नवीन काही न देता जुनंच उत्तर पाठवायचं. यासाठी पोस्टग्रेस हा डेटाबेस, थोडं रेडिस (मेमरीत डेटा ठेवणारा झटपट डेटाबेस), आणि सर्व्हरचा कोड लिहायला गो किंवा नोडमधलं एक यायला पाहिजे. नाकामा नावाचा ओपन सोर्स गेम सर्व्हर आहे, त्याचा कोड वाचा, लॉगिन, मॅचमेकिंग, लीडरबोर्ड सगळं कसं केलंय ते दिसतं.

प्रोग्रॅमिंग आवडत नाही त्यांनी निराश होऊ नका, लेव्हल डिझाइन, टेक्निकल आर्ट (चित्रं इंजिनात नीट चालवणं), क्यूए (गेम तपासून चुका शोधणं), लाइव्ह ऑप्स अशी बरीच कामं आहेत. लाइव्ह ऑप्स म्हणजे गणपती-दिवाळीचे इव्हेंट लावणं, आकडे बघून बक्षिसं कमी-जास्त करणं, सर्व्हरवर लोड आला तर रात्री उठणं. क्यूएमधून पुढे डिझाइनला गेलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत.

नोकऱ्या कुठे आहेत, तर लांब जायलाच लागेल असं नाही. पुण्यात युबिसॉफ्टचा स्टुडिओ २००८ पासून आहे, मुंबईतला २०१८ मध्ये सुरू झाला. मास्कगन आणि इंडस हे गेम बनवणारी सुपरगेमिंग पुण्याची, राजी हा गेम बनवणारी नॉडिंग हेड्सही पुण्याची, लुडो किंग बनवणारी गेमशन नवी मुंबईची. बाहेर हैदराबादला इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, बेंगळुरूला रॉकस्टार आणि झिंगा. आणि एक गोष्ट नीट लक्षात घ्या, ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैसे लावून खेळायच्या गेमवर त्यात बंदी आली आणि त्या धंद्यातल्या भरपूर लोकांच्या नोकऱ्या गेल्या. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स आणि साध्या सोशल गेमला मात्र प्रोत्साहन द्यायचं म्हटलंय. म्हणून कुठेही जॉइन होण्याआधी कंपनी पैसे कशातून कमावते ते विचारा, जाहिरातीतून, स्किन (खेळाडूचे वेगळे पोशाख-रंग) विकून की बाहेरच्या कंपन्यांचं काम करून.

क्लासबद्दल थोडं. मी एका क्लासला भरपूर फी भरली होती, सहा महिन्यांत सगळ्या बॅचने तोच एक पळापळीचा गेम बनवला, नुसते रंग वेगळे. तीस जणांच्या पोर्टफोलिओत तोच गेम, मग कोण कशाला बोलावेल. आतापर्यंत शिकवून बाहेर पडलेल्या मुलांचे गेम दाखवा असं आधी विचारा, आणि दाखवले नाहीत तर पैसे भरू नका. त्यापेक्षा गेम जॅमला, म्हणजे ठरावीक वेळात गेम बनवायच्या मेळाव्याला, बसा, जानेवारीच्या शेवटी ग्लोबल गेम जॅम असतो, अनोळखी माणसांबरोबर दोन-तीन दिवसांत गेम पूर्ण करायची सवय लागते आणि पुढे कामाला बोलावणारी ओळखही तिथेच होते.

रोज दोन तास दिलेत तर या सगळ्याला वर्ष-दीड वर्ष धरा. अर्ज करताना दोनच गेम पाठवा पण पूर्ण झालेले, इच डॉट आयओ या गेम टाकायच्या साइटवर ब्राउझरमध्ये लगेच चालणारे, कारण बघणारा माणूस डाउनलोड करत बसत नाही. प्ले स्टोअरवर टाकायचा असेल तर २५ डॉलर एकदाच भरावे लागतात, आणि नवीन वैयक्तिक अकाउंटला १२ टेस्टर सलग १४ दिवस लागतात, तेव्हा चुलत-मावस भावंडांना आधीच सांगून ठेवा. गिटवर, म्हणजे कोडचा इतिहास ठेवणाऱ्या टूलवर, रोजचे छोटे कमिट (बदलांच्या नोंदी) ठेवा. कोडसोबतच्या रीडमी या माहितीच्या फाइलमध्ये एक अडलेला बग सविस्तर लिहा, काय दिसत होतं, कुठे शोधलं, शेवटी काय निघालं. आणि मेलमध्ये गेमची लिंक सगळ्यात वर, एकट्याने उघडली तरी खेळता यावं म्हणून समोर एक बॉट, म्हणजे कॉम्प्युटरने चालवलेला खेळाडू, ठेवलेला, बायोडेटा त्याच्या खाली.